कापिशायन

आयुर्वेदात काढा न करता आंबवलेल्या औषधास ‘आसव’ व काढा करून आंबवलेल्यास ‘अरिष्ट’ म्हणतात. त्यामुळे ‘द्राक्षासव’ हे नाव पदार्थ आणि कृती सांगते, द्राक्षे कोठली ते सांगत नाही. ‘कापिशायन’ हा द्राक्षमद्याचा वाचक शब्द मात्र नेमके तेच सांगतो. पाणिनीने ‘कापिशी’ या नगरनामास प्रत्यय लावून तो सिद्ध केला असून, ही कापिशी म्हणजे हिंदुकुशाच्या दक्षिणेस, आजच्या बेग्रामजवळ वसलेली नगरी होय. कौटिल्यानेही द्राक्षमद्याच्या देशवाचक नावांत कापिशायनाची नोंद केली आहे. फ्रान्सच्या थंड डोंगराळ ज्युरा प्रांतात मद्याला ठिकाणाचे नाव देण्याची हीच रीत पुढे कायद्यात उतरली. तेथील आर्बुआ या गावाच्या नावाला १९३६ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले, आणि त्याच परिसरातील ‘पिवळी वाइन’ पिंपात, यीस्टच्या सायीखाली, सहा वर्षांहून अधिक काळ मुरते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या ‘नाशिक व्हॅली वाइन’च्या नावात मराठी शब्द एकच आहे, आणि तो ठिकाणाचा आहे.