थायमसमधून टी पेशींचे निर्गमन

थायमसमध्ये (यौवनलोपी ग्रंथीत) पक्व झालेल्या टी पेशी रक्तात उतरून प्लीहा, लसीका ग्रंथी व इतर ऊतींत पसरतात, त्या क्रियेस निर्गमन म्हणतात. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेली ही ग्रंथी शरीराच्या मानाने जन्माच्या सुमारास सर्वांत मोठी असते.

यंत्रणा : पूर्वज पेशी जन्मापूर्वी मुख्यतः यकृतातून व पुढे अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येतात. बाह्यकात त्यांच्यावर प्रतिजन ओळखणारे ग्राही तयार होतात. स्वतःच्याच ऊतींवर उलटू शकणाऱ्या पेशी मुख्यतः मध्यकात बाद होतात. बहुतेक पेशी ग्रंथीतच मरतात. उंदरात रोज ग्रंथीतील सुमारे १ टक्का पेशीच बाहेर पडतात. स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हे मेदद्रव्य रक्तात भरपूर, तर थायमसमध्ये अत्यल्प असते. पक्व पेशी त्याचा ग्राही धारण करून त्याच्या मागावर रक्तवाहिन्यांत शिरतात. नवजात उंदरांत सीसीएल१९ या प्रथिनाचाही निर्गमनास हातभार लागतो.

जन्मापूर्वी : मानवी गर्भात साधारण १२ ते १४ व्या आठवड्यापासून टी पेशी थायमसबाहेर आढळतात, त्यामुळे बाळ त्यांचा बराच साठा घेऊनच जन्मते. गर्भातील काही टी पेशी नियामक बनून, वारेतून आलेल्या आईच्या पेशींविरुद्धची प्रतिक्रिया आवरतात. उंदराचा गर्भकाळ जेमतेम २० दिवसांचा असतो. त्यात गॅमा-डेल्टा ग्राही असलेल्या पेशींची पहिली तुकडी त्वचेत जाऊन स्थिरावते; अल्फा-बीटा प्रकारच्या पेशींचे निर्गमन जन्माच्या सुमारास सुरू होते.

जन्मानंतर : माणूस व उंदीर यांच्या निर्गमनाच्या वेळेतील हा फरक शस्त्रक्रियेत उघड होतो. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांचे थायमस काढले, तेव्हा त्यांच्यात लसीका पेशींची मोठी उणीव झाली व परक्या वंशाच्या उंदराची त्वचाही त्यांच्या अंगावर टिकली. तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांत मात्र अंडाशयासारख्या अवयवांवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला झाला. त्याच्या शोधातून शिमोन साकागुची नियामक टी पेशींपर्यंत पोहोचले. २०२५ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट करण्यासाठी तान्ह्या बाळांचे थायमस अनेकदा काढावे लागते, पण आधीच्या साठ्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती एकदम कोसळत नाही. वयाबरोबर ग्रंथीत मेद साचतो व निर्गमन घटते. प्रौढ माणसांत नवख्या (प्रतिजनाशी अजून गाठ न पडलेल्या) टी पेशींचा साठा मुख्यतः बाहेरील पेशींच्या विभाजनावर टिकतो.

मापन : ग्राही घडताना जनुकातून कापला गेलेला डीएनएचा तुकडा वर्तुळाकार होतो. पेशीविभाजनात त्याची प्रत निघत नसल्याने तो नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींत जास्त सापडतो. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या वाळलेल्या रक्तथेंबात ही वर्तुळे मोजून टी पेशींची जन्मजात तीव्र उणीव ओळखता येते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ही चाचणी २००८ मध्ये सर्व नवजात बाळांसाठी सुरू झाली.