एकच वाय-फाय, दोन फोन

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आजीला रात्री एकाएकी चक्कर आली म्हणून आम्ही तिला घराजवळच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. आई आणि मी तिच्याबरोबर, बाबा घरी. साडेबाराच्या सुमारास डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? नाव काय?" फाईल घरी, कपाटात. मी बाबांना फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर! पुन्हा लावला. एकूण सात वेळा लावला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर प्रयत्न केला, तर तिथे बाबांनी गुड मॉर्निंगवाल्या ग्रुपांना कंटाळून सगळे आवाज बंद करून ठेवलेले. शेवटी पळत घरी गेलो. बाबा जागेच होते. फोन उशाशी, पालथा, रिंगचा आवाज पूर्ण मोठा केलेला. "अरे, एकदा फोन तरी करायचास," म्हणाले.

आजी आता ठणठणीत आहे, काळजी नसावी. पण ती दहा मिनिटं काही डोक्यातून जाईनात.

आमचं घर संत तुकाराम नगरमध्ये, तळमजल्यावर. चारी बाजूंनी इमारती, त्यामुळे आतल्या खोलीत रेंजचा पत्ता नाही. वाय-फाय मात्र फुल्ल. माझ्या फोनवर त्याच खोलीत वाय-फाय कॉलिंगची खूण येते आणि फोन खणखणीत वाजतो. बाबांचं सिम त्याच कंपनीचं, राउटर तोच, फोन तर माझ्यापेक्षा नवा. पण त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग हा पर्यायच नाही. बंद आहे असं नाही हं, नाहीच!

मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे पहिले दोन दिवस सेटिंग खोदण्यात घालवले. उत्तर शेवटी इतिहासात सापडलं. म्हणून हा लेख.

आपल्या पुण्या-पिंपरीकडे मोबाईल आला तो 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात. बिर्ला आणि एटी अँड टी यांच्या कंपनीने 1997 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात सर्कलमध्ये सेवा सुरू केली. हीच कंपनी पुढे आयडिया झाली. हँडसेट महाग, इनकमिंगलाही पैसे. पण त्या जीएसएम तंत्रात एक फार मोठी सोय होती. ग्राहकाची ओळख सिममध्ये आणि बोलण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये. आवाज कसा पकडायचा, टॉवरपर्यंत कसा न्यायचा हे सगळं मानकातच ठरलेलं. फोन नोकियाचा असो नाहीतर कुठला कोरियन, सिम टाकलं की बोलणं सुरू. फोन कंपनीने आणि सिम कंपनीने एकमेकांशी वेगळं काही ठरवायची गरज नव्हती.

याच्या उलट काय असतं तेही आपण पाहिलंय. 2003 साली रिलायन्सची 'मान्सून हंगामा' योजना आली आणि 501 रुपये भरून घरोघरी सीडीएमए फोन आले. बाबांकडेही होता. त्यात सिमच नव्हतं, नंबर थेट फोनमध्ये भरलेला. कंपनी बदलायची तर फोनही बदला. लोकांनी स्वस्त म्हणून तो घेतला, पण मनात पक्कं बसलं ते जीएसएमचंच गणित: सिम माझं, फोन माझा, कुठलंही कशातही घाला. आजही आपण दुकानात फोन घेताना कॅमेरा विचारतो, बॅटरी विचारतो. "यावरून बोलता येतं का?" असं कोणी विचारत नाही.

हे गणित मोडलं 4जीने. आणि ते कसं मोडलं हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

4जीचं मानक 2008 च्या अखेरीला तयार झालं तेव्हा त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलची वाटच ठेवली नव्हती. सगळा फक्त डेटा. मग बोलायचं कसं? सुरुवातीची पळवाट अशी, की कॉल आला की फोनने गुपचूप 3जी किंवा 2जीवर उतरायचं. कायमचा उपाय म्हणजे आवाजाचेच डेटाचे तुकडे करून पाठवायचे. तोच व्होल्टी. हे काम करणारी यंत्रणा म्हणजे आयएमएस. ही यंत्रणा लवचीक आहे, म्हणजे तिच्यात पर्याय भरपूर. प्रत्येक मोबाईल कंपनी आपल्या सोयीने पर्याय निवडते आणि फोनमधल्या सॉफ्टवेअरला ते नेमके माहीत असावे लागतात. म्हणजे पूर्वी कॉल हा फोनचा अंगभूत गुण होता, आता तो दोन कंपन्यांमधला करार झाला.

वाय-फाय कॉलिंग हे याच आयएमएसचं दुसरं दार. तुमचा फोन वाय-फायवरून मोबाईल कंपनीच्या एका खास दारवानाशी बोलतो. त्याला ईपीडीजी म्हणतात. सिममधल्या गुप्त किल्लीने फोन आपली ओळख पटवतो, दोघांमध्ये एक कुलूपबंद बोगदा तयार होतो आणि कॉल त्यातून जातो. राउटरला आत काय चाललंय ते कळतही नाही. म्हणून राउटर बदलून उपयोग नसतो. (अपवाद ऑफिसचा. तिथली फायरवॉल कधीकधी हा बोगदाच अडवते.)

कल्पना तशी नवी नाही बरं का. 2004 मध्येच काही कंपन्यांनी एकत्र येऊन यूएमए नावाचं तंत्र मांडलं होतं. अमेरिकेत टी-मोबाईलने 2007 मध्ये ते देशभर आणलं. गंमत म्हणजे सुरुवातीला दोनच फोन चालायचे, एक नोकियाचा, एक सॅमसंगचा. कारण तेच! फोनमध्ये खास सॉफ्टवेअर लागायचं आणि ते मोजक्याच मॉडेल्समध्ये होतं. आयफोनवर ही सोय आली 2014 मध्ये. म्हणजे 'काही फोनवर चालतं, काहींवर नाही' हे दुखणं जन्मापासूनचं आहे.

भारतात उशीर झाला तो कायद्यामुळे. 2002 मध्ये सरकारने इंटरनेटवरून बोलायला परवानगी दिली खरी, पण इंटरनेटवरचा कॉल देशातल्या साध्या फोन नंबरांना जोडायची मुभा नव्हती. ट्रायने ऑक्टोबर 2017 मध्ये शिफारशी केल्या, 2018 मध्ये दूरसंचार खात्याने वाट मोकळी केली. 10 डिसेंबर 2019 ला एअरटेलने दिल्ली परिसरात सुरुवात केली. त्या पहिल्या यादीत आयफोन 6एस आणि पुढचे, वनप्लस 7 मालिका, शाओमी-सॅमसंगचे मोजके फोन, बस्स. जानेवारी 2020 मध्ये जिओने देशभर सेवा आणली, दीडशेहून जास्त मॉडेल्सवर. आणि डिसेंबर 2020 मध्ये व्हीआयने ती महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या सर्कलमध्ये आणली. आपलं पुणे-पिंपरी याच महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं. आयडिया आणि व्होडाफोन यांचं 2018 मध्ये विलीनीकरण झालं आणि 2020 मध्ये त्यांचं व्हीआय झालं. म्हणजे 1997 च्या कंपनीचाच हा वंशज. पण यावेळी सोबत फोनची यादी आली. 1997 मध्ये अशी यादी नव्हती.

आता यादीत नाव कसं येतं? अँड्रॉइडमध्ये 2015 पासून प्रत्येक मोबाईल कंपनीसाठी वेगळी नोंद ठेवायची सोय आहे. त्यात वाय-फाय कॉलिंग चालू की बंद, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. बंद असेल तर सेटिंगमधला पर्यायच गायब. आयफोनमध्येही कंपनीवार फाईल असते. ही ओळ 'चालू' करण्याआधी दोन्ही बाजूंनी चाचण्या करायच्या असतात: कॉल तुटतो का, घरातून बाहेर पडताना टॉवरवर नीट सरकतो का, आवाज कसा. प्रत्येक मॉडेल, प्रत्येक कंपनी. आपण टेस्टिंग टीममध्ये राहिलेली माणसं, हे काम किती कंटाळवाणं आणि खर्चिक असतं ते सांगायला नको. मग महागड्या फोनांचा नंबर आधी लागतो आणि स्वस्त फोनांना पुढे अपडेटच येत नाही. ऑनसाइटहून आणलेल्या फोनची रडकथाही हीच. हार्डवेअर उत्तम, पण आपल्या कंपन्यांची नोंदच त्यात नसते. बाबांच्या फोनचं असंच झालं होतं. मोडेम समर्थ, फक्त ती एक ओळ नाही.

"व्हॉट्सअ‍ॅप तर सगळ्या फोनवर चालतं की," असं कोणीतरी म्हणेलच. चालतं, कारण तिथे दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. पण हॉस्पिटल, बँक आणि कुरियरवाला आपल्याला नंबरवरच शोधतात.

आणि हा प्रश्न फक्त तळमजल्याचा नाही. जुनी नेटवर्क्स जगभर बंद होत आहेत. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी 2022 मध्ये 3जी बंद केलं, तेव्हा कुठले फोन पुढे चालतील याची यादीच छापली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2024 मध्ये 3जी बंद झालं. ज्या फोनांना 4जीवरून आपत्कालीन नंबर लागत नव्हता ते नेटवर्कवरून काढूनच टाकावे लागले. त्यात 4जी असलेले, चांगले चालणारे फोनही होते. आपल्याकडे 2जी अजून आधाराला आहे. ते जाईल तेव्हा यादीबाहेरच्या फोनाचं काय, हे आत्ताच विचारायला हवं. मला विचाराल तर खोक्यावर जशी बॅटरी छापतात, तसं कुठल्या कंपनीच्या सिमवर व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग चालतं तेही छापलं पाहिजे. तोवर घरच्यांसाठी फोन घेण्याआधी त्यांच्या सिम कंपनीची यादी बघा. जुन्या फोनला आधी सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. घरात रेंज नसेल तर हे आजच करा.

आम्ही काय केलं? माझा दोन वर्षं जुना फोन यादीत होता, तो बाबांना दिला आणि त्यांचा मी घेतला. मला काय, मी दिवसभर ऑफिसात रेंजमध्येच असतो. आतल्या खोलीतून मी त्यांना एक कॉल करून दाखवला. वाजला. बाबांनी जुन्या फोनकडे बघितलं आणि विचारलं,

"म्हणजे हा बिघडला नव्हता?"

"नाही हो."

"मग?"

"त्याचा वशिला कमी पडला."

बाबा हसले. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना लगेच कळलं.