खुराक, इनाम आणि हेवा : नातेपुते परिसरातील पैलवानकीचा इतिहास

पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत आवडीच्या खेळावर पोट भरण्याच्या ज्या थोड्या वाटा होत्या, त्यांत पैलवानकीची वाट जुनी आणि सर्वांच्या डोळ्यांसमोरची. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यातले नातेपुते हे पुणे–पंढरपूर रस्त्यावरचे बाजारगाव या कुस्तीच्या मुलखात मोडते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि तिचा मुक्काम नातेपुत्यात पडतो. गावाच्या पश्चिमेला फलटण, पूर्वेला अकलूज आणि दक्षिणेला शिखर शिंगणापूरचा डोंगर आहे. त्या डोंगरापलीकडे माणदेशाचा कोरडा माळ सुरू होतो, तर अलीकडे नीरा उजव्या कालव्याचे पाणी. 1928 साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाल्यावर या कालव्याच्या पाण्याला भरवसा आला आणि माळशिरस तालुक्यात ऊस उभा राहिला. पैलवानाला लागणारे दूध-तूप पाण्याच्या अंगाने आले, तर अंगमेहनतीची सवय माळावरच्या मेंढपाळ आणि कोरडवाहू घरांत आधीपासूनच होती.

हौसेचे कमाईत रूपांतर होत असे ते जत्रेच्या फडात. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेचा शेवटचा दिवस कुस्त्यांचा असतो. दुपारी हलगी घुमू लागली की आधी लहान पोरे आखाड्यात उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवडीवर लागतात. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, फार तर नारळ. त्यावरच्या जोडींना फेटा, मग रुपये, आणि दिवस कलताना शेवटच्या मोठ्या कुस्तीला यात्रा कमिटीने जाहीर केलेले इनाम. पंच जोड लावतात, अंगाने आणि ताकदीने बरोबरीचा गडी शोधतात, दोघांचे हात हातात घेऊन फडाला फेरी मारतात. प्रेक्षकांतला एखादा खूश झाला तर जागच्या जागी बक्षीस जाहीर करतो. रेवडीपासून इनामापर्यंतची ही चढण एकाच दुपारी, एकाच मातीत सगळ्या गावाला दिसे, त्यामुळे खेळता खेळता माणूस कमावता कसा होतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे. गावच्या पोरांच्या मनात पैलवानाविषयीचा हेवा रुजला तो याच फडाच्या कडेला बसून.

फडात न दिसणारी बाजू घरात होती. पैलवान पहाटे उठून तालमीचा हौदा खणतो, जोर-बैठका काढतो, लढती करतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतो. या दिनक्रमात शेतीच्या कामाला जागा नाही. त्यातच बदामाची थंडाई, दूध, तूप, फळे, कुठे मटण असा रोजचा खुराक. म्हणून शेतकरी घरांत भावांची वाटणी ठरलेली असे. एक भाऊ तालमीत जाई आणि बाकीचे रानात राबत. म्हशीचे दूध डेअरीला किंवा बाजाराला न जाता एकाच्या तोंडात जाई. आई आणि भावजया भाकरीबरोबर त्याच्यासाठी वेगळे तूप काढून ठेवत. या व्यवस्थेत माया होती, घराण्याच्या नावाचा अभिमान होता आणि हेवाही होता. तो गावातल्या परक्यांपेक्षा सख्ख्या भावाच्या मनात अधिक खोल असणे साहजिक होते, कारण त्याच्या राबण्यावरच दुसऱ्याची आवड उभी होती. कुस्तीच्या इतिहासात वस्ताद, राजे आणि विजेते यांची नावे राहिली. रानातल्या भावाचे नाव कुठल्याच फलकावर नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

मोठ्या पैलवानाचा खर्च एका घराला झेपत नाही, म्हणून तो संस्थानांनी उचलला. कोल्हापूरचे शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि त्यांनी कुस्तीला दिलेला आश्रय आजवर दंतकथेसारखा सांगितला जातो. 1902 च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी तसे मैदान कोल्हापुरात बांधायचे ठरवले. खासबाग मैदान 1912 साली पुरे झाले. बसक्या वाटीसारखी त्याची रचना आहे, त्यामुळे कुठेही बसले तरी मधला आखाडा नीट दिसतो. उत्तरेतले नामांकित मल्ल तिथे येऊन लढले, गंगावेश, मोतीबाग अशा तालमी नावारूपाला आल्या. सांगली, मिरज, औंध या संस्थानांतही मल्लांना आश्रय मिळे. माळशिरस तालुक्यासारख्या इंग्रजी मुलखात गावाच्या वर्गणीवर फड भरत, पण ज्याला पैलवानकीवरच जगायचे असे त्याला कोल्हापूर गाठावे लागे. सोलापूर जिल्ह्यातल्या होतकरू पोराने वळकटी घेऊन कोल्हापूरच्या तालमीत जाण्याची ती रीत अजून टिकून आहे.

मार्च 1948 मध्ये दक्षिणेतली मराठी संस्थाने विलीन झाली आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूरही मुंबई प्रांतात आले. राजाच्या दरबारातून येणारा खुराक बंद झाला. या संधिकाळाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूर दरबाराच्या मदतीने गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटच्या गादीवर लढून सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा दरबार उरला नव्हता. लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी 1952 साली कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर नोकरी मिळायला 1955 उजाडले, आणि मिळाली ती पोलीस उपनिरीक्षकाची. पदक हातात असूनही कुस्ती हे त्यांचे उपजीविकेचे साधन झाले नाही. ते 1984 साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, 2000 साली मिळाला. ज्यांचा साऱ्या महाराष्ट्राने हेवा करावा अशा माणसाच्या वाट्याला हे आले.

राजाश्रयाची जागा हळूहळू तीन गोष्टींनी घेतली: स्पर्धा, साखर कारखाना आणि सरकारी नोकरी. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. 1959 साली हिंदकेसरीचा पहिला किताब बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी घेतला, पुढच्या वर्षीचा गणपतराव आंदळकर यांनी. 1961 साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. किताबाची चांदीची गदा खांद्यावर घेतलेल्या मल्लाचे छायाचित्र वर्तमानपत्रातून तालमीच्या भिंतीवर गेले. किताबाचा खरा उपयोग असा की त्याने पैलवानाचा भाव ठरू लागला. जत्रेची कमिटी नाव पाहून इनाम जाहीर करू लागली.

सहकारी साखर कारखाने याच सुमारास पसरले. माळीनगरचा सासवड माळी कारखाना त्याआधीचा, 1930 च्या दशकातला, शेतकऱ्यांनीच उभा केलेला. पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहकारी कारखाना आला, आणि नातेपुत्याजवळच्या सदाशिवनगरलाही धुराडे उभे राहिले. कोल्हापूर भागातल्या कारखान्यांनी मल्लांना दरमहा मानधन देण्याची पद्धत पाडली. वर्षातून स्पर्धा घ्यायची, वजनगटात निवडलेल्यांना वर्षभराचा खुराक द्यायचा. अकलूजला त्रिमूर्ती केसरीच्या कुस्त्या भरू लागल्या आणि माळशिरसच्या पोरांना मोठा फड घराजवळ मिळाला. यात राजकारण होते यात शंका नाही. फडाच्या मांडवात नेता बसला की त्याचे नाव गावोगाव जाते. तरीही ऊस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशातला काही भाग शेतकऱ्याच्याच पोराच्या दुधाला लागला, हे त्या व्यवस्थेचे श्रेय मान्य केले पाहिजे.

तिसरा आधार नोकरीचा. पोलीस, सैन्यदल, रेल्वे यांत खेळाडूंची भरती आधीपासून होती. 2005 पासून राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आले. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी, तसेच 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे बीडचे राहुल आवारे हे पोलीस उपअधीक्षक झाले. त्याच 2018 साली सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या बाला रफिक शेख यांनी जालन्यात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. आता खेड्यातला बाप पोराला तालमीत घालतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गदेइतकीच खाकी वर्दी असते. इनामाचे रूपही पालटले. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला गदेबरोबर चारचाकी गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. गाडीची किल्ली हातात घेतलेला मल्ल पाहून वाटणारा हेवा फेट्याच्या काळातल्या हेव्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. त्यात खेळाची ओढ कमी आणि आकड्याची जास्त.

ज्यांना गदा, गाडी किंवा वर्दी यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यांची संख्या अर्थातच मोठी. कुस्तीचे वय तिशीच्या आसपास सरते. गुडघा किंवा खांदा एकदा निखळला की त्याआधीही सरते. शाळा लवकर सुटलेली, शेतीची सवय मोडलेली आणि भूक मात्र पैलवानाची, अशा अवस्थेत गडी गावी परततो. काही जण वस्ताद होऊन गावची तालीम चालवतात, काही फडात पंच किंवा निवेदक होतात, बरेच जण भावाच्या बरोबरीने पुन्हा रानात उतरतात. जुन्या किताबधारकांना शासन मानधन देते आणि 2023 च्या पुण्यातील स्पर्धेत त्यात वाढ जाहीर झाली, पण तो लाभ किताब जिंकलेल्यांपुरताच. मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांतील अंतर हीदेखील खेड्यातल्या मल्लाची अडचण आहे. जत्रेचे इनाम मातीत मिळते, आंतरराष्ट्रीय पदक आणि त्यामागची नोकरी गादीवर. दोन्हीचा सराव करायचा तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

मुलींना या वाटेवर उशिरा जागा मिळाली. तालीम हे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचे ठिकाण होते, आणि मुलीच्या खुराकावर घरातले दूध खर्च करण्याची कल्पना कित्येक घरांना सुचलीही नव्हती. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. आता जत्रेच्या फडात मुलींच्या जोडी लागतात, त्यांच्यावरही रोख इनामे जाहीर होतात.