कोल्हापूरची ओतकामाची परंपरा

कोल्हापूरच्या ओतकामाची मुळे शेतात आहेत. पंचगंगेचे पाणी उसाला चढवणारी ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक बिघडले, की सुटे भाग बाहेरून येईपर्यंत थांबणे परवडत नसे. शहरातल्या उद्यमनगर भागातल्या मिस्त्रींनी ते भाग इथेच ओतायला घेतले आणि पुढे इंजिनेही बनवली. आधी लाकडी पॅटर्न, त्याभोवती ओलसर वाळू ठोकून साचा, मग क्यूपोला भट्टीतला लोखंडाचा लालभडक रस. हे कसब पुस्तकातून नव्हे, उस्तादाच्या हाताखाली उतरत गेले.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. गावोगाव वीज पोहोचल्यावर इंजिनांची मागणी ओसरली, तरी भट्ट्या विझल्या नाहीत. पुण्यातल्या वाहनउद्योगाला सुटे भाग लागत होतेच. पॅटर्नवाला, वाळूवाला, मशीन शॉप सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवा भाग लवकर घडवता येई. हीच या गावाची खरी ताकद. इंडक्शन भट्ट्या आल्यावर रसाच्या घटकांवर अधिक नेमके नियंत्रण आले, आणि कोल्हापुरी कास्टिंग परदेशी कारखान्यांतही जाऊ लागले.