वीण, तुलना आणि निदान : काशी-परळ संदर्भात कर्करोगाच्या ऊतकपरीक्षेचा इतिहास

१

काशीच्या दशाश्वमेध घाटाला दक्षिणेकडून लागून अहिल्याबाई घाट आहे. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–१७९५) काशीतील कार्यात १७८० मध्ये पूर्ण झालेले विश्वेश्वराचे मंदिर सर्वांत प्रसिद्ध असले, तरी दूरवरून येणाऱ्या माणसाला पाण्यापर्यंत उतरता यावे, रात्री पाठ टेकता यावी, ही त्यांच्या बांधकामांमागची व्यवहारी दृष्टीही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातून काशीस येणारा माणूस केवळ पुण्यासाठी येत नव्हता. काशी हे निर्णयाचेही ठिकाण होते. १५७३ मध्ये एकनाथांचे भागवत पूर्ण झाले ते काशीत. मराठीतील त्या ग्रंथाला येथील पंडितांच्या परीक्षेतून जावे लागले, असे परंपरा सांगते. १६७४ च्या राज्याभिषेकासाठी ज्यांचे शास्त्रप्रामाण्य आवश्यक वाटले ते गागाभट्टही काशीचेच.

विसाव्या शतकात निर्णयाची एक वाट उलट दिशेने वाहू लागली. पूर्व उत्तर प्रदेशातून व बिहारमधून निघालेली कुटुंबे रेल्वेने मुंबईस येत आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा रस्ता विचारीत. त्यांच्या पिशवीत वैद्यकीय कागदांबरोबर पुष्कळदा दोन लहान वस्तू असत : रंगवलेल्या ऊतकाची काचपट्टी आणि त्याच ऊतकाचा मेणात बसवलेला ठोकळा. गावाकडे झालेले निदान परळच्या विकृतिशास्त्रज्ञाने पुन्हा वाचावे, यासाठी हा प्रवास असे. एका माणसाच्या शरीराचा कण दुसऱ्या माणसाने वाचायचा आणि त्यावरून पुढील उपचार ठरायचे, ही पद्धती कशी घडली, तिच्या वाचनाचे नियम कोणते, आणि भारतात, विशेषतः मराठी शास्त्रज्ञांच्या कार्यातून, तिला कोणते वळण मिळाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ऊतकाचे निदान ही मूलतः तुलनेची क्रिया आहे, आणि नमुना आपल्या संदर्भापासून तुटला की ती तुलना अपुरी पडते, असे या मांडणीचे प्रमुख सूत्र आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उचित ठरेल. ‘कर्करोग’ ही संज्ञा खेकड्याच्या प्रतिमेवर आधारलेली आहे व तिचा उगम ग्रीक वैद्यकपरंपरेत आहे. ‘अर्बुद’ ही संज्ञा मात्र येथील आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेला उपदेश अशी ज्या सुश्रुतसंहितेची चौकट आहे, तिच्या निदानस्थानात अर्बुदाचे लक्षण येते : गोल, स्थिर, अल्प वेदना असलेली, मोठी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी, न पिकणारी मांसल गाठ. एका अर्बुदावर उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदासाठीही तेथे स्वतंत्र संज्ञा आहे. हे वर्णन नेमके आहे. तथापि ते बोटांनी व डोळ्यांनी केलेले वर्णन आहे. सुश्रुताच्या अर्बुदाचे आजच्या कर्करोगाशी सरसकट समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही.

याच संहितेच्या शारीरस्थानात मृत शरीराच्या अभ्यासाची रीत सांगितली आहे. शरीर गवताने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे, नदीच्या पाण्यात कुजू द्यावे, सात रात्रींनंतर वाळ्याच्या वा तत्सम कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर पाहावा. ग्रंथ नदीचे नाव सांगत नाही. थरामागून थर उलगडण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे. परंतु येथे काळ आणि पाणी यांच्या साह्याने ऊतक विरघळू द्यावे लागते. आधुनिक पद्धतीची सुरुवात नेमकी याच्या उलट टोकाला होते : ऊतक शरीराबाहेर आल्याबरोबर त्याची कुजण्याची क्रिया थांबवावी लागते.

‘ऊतक’ हा शब्द ‘वे’ म्हणजे विणणे या संस्कृत धातूशी जोडलेला आहे. ‘ओतप्रोत’ या नित्याच्या मराठी शब्दातही तोच धातू आहे. त्याचा मूळ अर्थ उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले. फ्रेंच ‘तिस्यू’ या शब्दाचाही अर्थ विणलेले असाच होतो, आणि ऊतकशास्त्राच्या युरोपीय नावातील ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे माग किंवा मागावरचे विणकाम. अठराव्या शतकाच्या अखेरीस झेव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता शरीरातील ऊतकांचे वर्गीकरण केले, तेव्हा अवयवापेक्षा त्याचे ‘वस्त्र’ महत्त्वाचे ठरले. विणकरांच्या काशीत ही व्युत्पत्ती परकी वाटू नये. कर्करोगाच्या निदानात ती केवळ अलंकार राहत नाही. निदानाचा निकषच ती सुचवते.

३

१८३८ मध्ये योहानेस म्युलर याने अर्बुदे पेशींचीच बनलेली असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्याचा शिष्य रुडोल्फ फिर्खो याने १८५८ मध्ये पेशीय विकृतिशास्त्राची मांडणी केली व प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उद्भवते, हे तत्त्व रोगविचाराच्या केंद्रस्थानी आणले. कर्करोग हा बाहेरून शरीरात शिरलेला प्राणी नसून शरीराच्याच पेशींची बिघडलेली वाढ आहे, हा या विचाराचा परिणाम होय. परका आणि आपला यांतील सीमारेषा येथे पुसट झाली, आणि विकृत पेशी ओळखायची तर प्रकृत पेशीशी तिची तुलना करणे अपरिहार्य ठरले.

या तुलनेसाठी ऊतकाला ‘वाचनीय’ करावे लागते. शस्त्रक्रियेत वा सुईने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. या द्रवाचा ऊतक टिकवण्यासाठी उपयोग १८९३ मध्ये फर्डिनंड ब्लूम याने सुचवला. प्रयोगशाळेत प्रथम तुकड्याचे माप, रंग, घट्टपणा व कडा यांची नोंद होते. नंतर अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावणांतून त्यातील पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल दूर करतात आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. थंड झालेल्या ठोकळ्याचे मायक्रोटोम यंत्रावर साधारणतः तीन ते पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन ते पाच पट, जाडीचे काप घेतले जातात. हे काप जवळजवळ रंगहीन असतात. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळसर-जांभळा रंग देते आणि इओसिन हा कृत्रिम रंग पेशीद्रव्याला गुलाबी करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुळलेली ही रंगांची जोडी आजही नित्याच्या परीक्षेचा पाया आहे.

वाचनाचे दोन स्तर सांगता येतील. पहिला स्तर एकेका पेशीचा. केंद्रक पेशीच्या मानाने अवाजवी मोठे आहे काय, ते गडद रंगले आहे काय, शेजारच्या पेशी आकाराने एकमेकींपासून फार भिन्न आहेत काय, विभाजने अधिक व विपरीत आहेत काय, हे पाहिले जाते. दुसरा स्तर विणीचा. तोंडाच्या अस्तरातील पेशी तळापासून पृष्ठभागाकडे ठरावीक क्रमाने परिपक्व होतात आणि त्यांच्या तळाशी एक पातळ आधारपटल असते. पेशी विकृत दिसत असूनही त्या पटलाच्या आत असतील, तर स्थिती एक. पटल ओलांडून खालच्या ऊतकात शिरल्या असतील, तर स्थिती निराळी. त्यामुळे एखादी पेशी कितीही भयावह दिसली, तरी केवळ तिच्यावरून सर्व निर्णय होत नाही. जखम भरून येताना किंवा दाह झालेल्या ठिकाणीही पेशी विचित्र रूप घेऊ शकतात. ती पेशी कोणाच्या शेजारी, कोणत्या मर्यादेच्या आत वा बाहेर आहे, हे पाहावे लागते.

विसाव्या शतकातील पेशीपरीक्षेने यातील पहिल्या स्तरावर अधिक भर दिला. १९२७ मध्ये रुमानियात ऑरेल बाबेश याने, तर १९२८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज पापानिकोलाऊ याने गर्भाशयमुखाच्या सुट्या पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, असे निवेदन केले. ही परीक्षा व्यवहारात स्वीकारली गेली ती १९४० च्या दशकात. गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची रीत १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. या परीक्षा स्वस्त, जलद व कमी वेदनादायी आहेत. परंतु सुट्या पेशीत वीण दिसत नाही, म्हणून संशयाच्या प्रसंगी पुन्हा ऊतकाकडे वळावे लागते. पुढे प्रतिपिंडांच्या साह्याने पेशीतील विशिष्ट प्रथिने रंगवण्याचे तंत्र आले, जनुकीय चाचण्या आल्या. त्यांनी उपचाराची निवड अधिक नेमकी केली. रंगवलेल्या कापाचे प्राथमिक वाचन मात्र अनावश्यक झाले नाही.

४

भारतात या वाचनाला व्यापक तुलनेची जोड देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांना जाते. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईस परतले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडल्यावर तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४५ च्या आणखी एका लेखात, सहकाऱ्यासह, त्यांनी राहणीच्या रीतींशी निगडित कर्करोगांचे तीन प्रकार मांडले. तंबाखू व चुना यांची मळलेली खैनी खालचा ओठ आणि हिरडी यांमध्ये धरून ठेवणाऱ्यांत त्याच जागी उद्भवणारा कर्करोग. आंध्रच्या किनारी भागात चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांत टाळूचा कर्करोग. आणि कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी क्वचित आढळणारा त्वचेचा कर्करोग. पुढे मुंबईतील डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागीही तसाच विकार नोंदवला. काश्मीरमध्ये अंगाशी धरलेल्या कांगडीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकातच वर्णिला गेला होता.

या मांडणीचे महत्त्व विशेष आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या सर्व अर्बुदांतील पेशी बहुतांशी एकाच कुळातील, शल्की पेशी, दिसतात. ओठाच्या तुकड्यावर खैनीचे नाव लिहिलेले नसते. कमरेच्या तुकड्यात धोतराचा धागा सापडत नाही. भेद उमटतो तो रुग्णाचा प्रदेश, व्यवसाय, पोशाख व खाण्यापिण्याच्या सवयी यांची नोंद नमुन्याशेजारी ठेवल्यावर. खानोलकरांनी काचपट्टी आणि तिच्यासोबतचा माहितीचा कागद हे दोन्ही एकत्र वाचले. साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासात संहिता व तिची संस्कृती यांचा जो संबंध असतो, त्याच्याशी या पद्धतीचे साम्य स्पष्ट आहे. अर्थात रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण म्हणजे समाज नव्हे; ही उणीव भरून काढण्यासाठी १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. सुपारीचा स्वतंत्र कर्करोगकारकत्वाचा प्रश्न पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने निकालात काढला. विड्यासाठी ख्यातनाम असलेल्या काशीच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षणीय नाही.

खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) या पुण्याच्या संशोधिकेने बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईस परतून त्या केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभारली. मेणातील ऊतक एक थांबवलेला क्षण दाखवते. संवर्धनातील पेशी वाढताना पाहता येते. गाय यांच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदाच्या पेशी तिच्या अनुमतीवाचून वाढवल्या गेल्या. नावाच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या पेशी जगभर पोहोचल्या. पेशींमागची स्त्री मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिली. नमुना व्यक्तीपासून तुटतो तेव्हा काय हरवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

५

मुंबईस येणाऱ्या रुग्णाचा प्रश्न केवळ वैद्यकीय नव्हता. निदान हाती येईपर्यंत राहायचे कोठे, हा त्याचा पहिला प्रश्न असे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयाच्या रुग्णांचे व त्यांच्या नातेवाइकांचे आश्रयस्थान झाली. तीर्थयात्रेसाठी घडलेली धर्मशाळा ही संस्था येथे निदानाची वाट पाहणाऱ्यांच्या कामी आली. अहिल्याबाईंच्या घाटामागील दृष्टी आणि ही व्यवस्था यांच्यातील नाते शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

२०१८ मध्ये वाराणसीच्या लहरतारा भागातील रेल्वेच्या जुन्या कर्करोग रुग्णालयाच्या ठिकाणी टाटा स्मारक केंद्राचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. काचपट्टी वाचणारा जाणकार आता रुग्णाच्या मुलखात आला. लहरतारा हे कबीराच्या जन्मकथेशी जोडलेले स्थान; विणकर कवीच्या या स्थानी आज ऊतकाची वीण तपासली जाते, हा योगायोगच. परंतु अंतर कमी झाल्याचा लाभ योगायोगाचा नाही. तोंडातील न भरणारी जखम पटलाच्या आत असताना तपासली गेली, तर उपचार सुकर होतो. तीच वीण उसवल्यानंतर तपासली गेली, तर निदान अचूक असूनही फार उशिराचे ठरते.

एक अंतर अद्याप शिल्लक आहे. विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल ही एक संहिता आहे. तो ज्याच्या शरीराविषयी असतो त्याला बहुधा तो वाचता येत नाही. तो इंग्रजीत असतो, आणि रुग्णाची भाषा भोजपुरी, हिंदी वा मराठी असते. ‘सीमा मुक्त’ किंवा ‘पटल भेदलेले’ अशा चार शब्दांचा अर्थ रुग्णाला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळतो. अर्बुद, ऊतक, केंद्रक, आधारपटल या संज्ञा मराठीत घडलेल्या आहेत, पण कोशांतच राहिल्या आहेत. एकनाथांच्या ग्रंथाला काशीत द्यावी लागलेली परीक्षा अखेर ज्ञान कोणाच्या भाषेत असावे याविषयीची होती. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या दोन पानांबाबत तोच प्रश्न आजही विचारावा लागतो.