गावातल्या वायरमन-मोटारवाल्यांची सुरक्षा संस्था : सरकारी पैसा कुठून मिळतो, कुठून मिळत नाही

हिंगोली : पाऊस सुरू झाला की डीपीवरचे फ्यूज उडतात आणि रब्बीत रात्रीची लाईट असली की मोटारी जळतात. दोन्ही वेळी गावात एकाच माणसाला फोन जातो. तो महावितरणचा नोकर नसतो. कुणी आयटीआय केलेला असतो, कुणी मोठ्या भावाच्या हाताखाली शिकलेला. घराची फिटिंग, स्टार्टर, बोअरची मोटार काढणं, आता वरून सौर पंपाच्या प्लेटा, सगळं तोच करतो. शॉक लागून तो गेला तर मात्र घरच्यांच्या हातात कागदच नसतो. काम शेतकऱ्याचं, डीपी कंपनीची, नेमणुकीचं पत्र कुणाचंच नाही.

म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ अशा पाचही तालुक्यांत ज्यांना हे काम करणाऱ्यांची सुरक्षा संस्था काढायची आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. संस्था काढणं फार अवघड नाही. अवघड आहे ते सरकारी पैसा कोणत्या दारातून येतो हे समजणं. बहुतेक संस्था चुकीच्या दारात उभ्या राहून दोन वर्षं घालवतात.

आधी एक गोष्ट पक्की करावी

संस्था चालवायला, म्हणजे अध्यक्षाच्या गाडीभाड्याला, ऑफिसच्या भाड्याला किंवा कारकुनाच्या पगाराला सरकार पैसा देत नाही. त्यासाठी हेडच नाही. सरकार पैसा देतं ते कामाला: प्रशिक्षणाला, साहित्याला, शिबिराला. तोही बहुधा संस्थेच्या खात्यावर येत नाही, एखाद्या सरकारी कार्यालयामार्फत खर्च होतो. हे ध्यानात घेऊन अर्ज लिहिला तर अर्धं काम होतं. "आमच्या संघटनेस आर्थिक मदत करावी" असा एका ओळीचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो आणि फाईलला लागतो.

ही पद्धत आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत कामगार सुरक्षेचं सरकारी खातं सुसान हारवुड यांच्या नावाने अनुदान देतं. तिथे बर्फाच्या डोंगरावर माणसं वर नेणारे दोरीचे पाळणे दुरुस्त करणारे असोत की इमारतीवर चढणारे, कामगारांच्या ना-नफा संस्थांना त्यातून पैसा मागता येतो. पण तो प्रशिक्षणासाठीच.

युनियन की संस्था?

दोन्हींची नोंदणी वेगळी. युनियन कामगार खात्याकडे नोंदवतात, तिचं काम मालकाशी बोलणी करणं. गावातल्या वायरमनला एक मालक नाही, रोज वेगळा शेतकरी आहे. त्यामुळे त्याला युनियनचा उपयोग कमी. सरकारी योजना आणि कंपन्यांचा सीएसआर निधी दोन्हींसाठी सोयीची पडते ती संस्था. ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात सोबतच 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवतात. कमीत कमी सात सभासद लागतात. अर्ज धर्मादाय कार्यालयात. सातही जण एकाच भावकीतले घेऊ नयेत, पुढे निवडणुकीत आणि हिशेबात भांडणं होतात ती तिथूनच.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदसुद्धा याच रस्त्याने गेली आहे. केंद्राच्या कामगार मंत्रालयाने ती 4 मार्च 1966 रोजी स्थापन केली. म्हणूनच 4 मार्चला सुरक्षा दिन असतो. तिचीही नोंदणी आधी 1860 च्या कायद्याखाली आणि नंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली झाली. सरकारने उभी केलेली असूनही सभासद वर्गणी, प्रशिक्षणाची फी, सुरक्षेच्या साहित्याची विक्री हे तिच्या उत्पन्नाचे मार्ग आहेत. गावच्या संस्थेनेही वर्गणीची पावती पहिल्या महिन्यापासूनच फाडावी. महिना वीस-पन्नास रुपये का होईना, बँकेच्या पासबुकात त्या नोंदी दिसल्या की पुढच्या प्रत्येक अर्जाला वजन येतं.

नियमावलीतला 'उद्देश' हा भाग घाईत लिहून घेऊ नये. दलालाकडे छापील नमुना असतो. त्यात वृक्षारोपणापासून वृद्धाश्रमापर्यंत सगळं असतं, विजेचा मात्र एक शब्द नसतो. दुसरी चूक उलटी. "सभासदांचे हित जपणे" एवढंच लिहिलं तर ती संस्था फक्त आपल्यापुरती ठरते आणि आयकराच्या 12ए व 80जी नोंदणीत अडचण येते, कारण तिथे लोकोपयोगी काम दाखवावं लागतं. म्हणून शेतकरी, शाळा आणि ग्रामस्थांना विजेच्या सुरक्षेचं शिक्षण देणं, अपघात रोखणं, प्रशिक्षण घेणं हे उद्देश स्पष्ट शब्दांत लिहावेत. तसं काम खरंच करायचंही असतं, त्यामुळे यात खोटं काही नाही.

नोंदणी झाल्यावर ऑडिट दरवर्षी. विश्वस्त बदलला, कुणी वारला, राजीनामा दिला तर 90 दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो. मराठवाड्यातल्या कितीतरी संस्था याच एका कागदापायी अडकलेल्या दिसतात. कागदावर दहा वर्षांपूर्वीचे विश्वस्त, प्रत्यक्षात वेगळेच, मग बँक खातं गोठतं आणि अनुदानाचा विषयच संपतो.

त्यानंतर संस्थेचं पॅन, नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर नोंदणी आणि तिथला युनिक आयडी. केंद्राच्या कोणत्याही अनुदानाला हा आयडी विचारतात. दर्पणवरची नोंदणी फुकट आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणारा माणूस भेटला तर दुसरीकडे जावं.

जिल्हा नियोजनचा पैसा

जिल्ह्याच्या पातळीवर खरा पैसा जिल्हा वार्षिक योजनेत असतो. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. या योजनेत 'नाविन्यपूर्ण योजना' असं एक हेड असतं. नेहमीच्या चाकोरीत न बसणारं काम त्यात बसवता येतं. पण इथे संस्था थेट लाभार्थी होत नाही. अंमलबजावणी यंत्रणा सरकारी लागते. म्हणजे प्रस्ताव आयटीआयच्या प्राचार्यांकडून, विद्युत निरीक्षक कार्यालयाकडून किंवा जिल्हा परिषदेच्या एखाद्या विभागाकडून गेला पाहिजे. संस्थेने माणसं जमवायची, यादी द्यायची, गावं सांगायची. आयटीआयने वर्ग घ्यायचा. असा जोडप्रस्ताव असेल तर नियोजन कार्यालयात तो वाचला तरी जातो.

वेळेचं गणित महत्त्वाचं. पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीनंतर तयार व्हायला लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्य पातळीवर बैठका होतात. 31 मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो. मे महिन्यात अर्ज घेऊन गेलेल्याला "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळतं, आणि ते कारण खोटंही नसतं.

आमदार निधी आणि खासदार निधीबद्दल गैरसमज मोठा आहे. खासदाराला वर्षाला 5 कोटी असतात हे खरं, पण तो पैसा टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. शिबिर, मानधन, जेवणावळ त्यात बसत नाही. फार तर एखादं सभागृह होईल. त्यापेक्षा गावातलं असलेलं समाजमंदिर दोन दिवस मागून घेतलेलं बरं.

ग्रामपंचायत : जवळची, पण विसरलेली

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशाचे दोन भाग होते. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे; मात्र त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. गावाची गरज ठरते ती ग्रामसभेत, विकास आराखड्यात. तिथे कुणी विजेच्या सुरक्षेचा विषय मांडतच नाही. पाणीपुरवठ्याची मोटार सांभाळणाऱ्या माणसाला रबरी हातमोजे, टेस्टर, सेफ्टी बेल्ट, पंपघराला नीट अर्थिंग, ही कामं आराखड्यात लिहून घ्यायला हरकत काय? ग्रामपंचायतीचा स्वतःचा कराचा पैसाही असतो. संस्थेच्या सभासदांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत हात वर करून ठराव घ्यावा आणि त्याची नक्कल संस्थेच्या फाईलला लावावी. वीस गावांचे वीस ठराव असले की तोच जिल्हा नियोजनच्या प्रस्तावाचा पाया होतो.

2016 मध्ये राज्याने ग्राम विद्युत व्यवस्थापक ही योजना आणली. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ग्रामपंचायतीमार्फत आयटीआय झालेल्या तरुणाने विजेची किरकोळ कामं करायची. कल्पना चांगली होती. जिथे असा माणूस नेमलेला आहे तिथे त्याला सभासद करून घ्यावं, कारण त्याच्याकडे नेमणुकीचा कागद तरी आहे.

अर्जात काय लिहू नये

इथे जरा कडक बोलावं लागेल. डीपी, 11 केव्हीची लाईन, पोल ही महावितरणची मालमत्ता. खासगी माणसाने तिथे हात घालणं बेकायदेशीर आहे. सगळ्या गावात ते चालतं, लाईनमन फोनवर "टाक तू फ्यूज" म्हणतो, शेतकऱ्याचं पीक वाळत असतं. हे सगळं खरं. पण "डीपीवर चढण्यासाठी आमच्या सभासदांना किट द्या" असा अर्ज कोणताच अधिकारी मंजूर करणार नाही. तसा कागद म्हणजे आपणच बेकायदा काम करतो हे लिहून दिल्यासारखं. संस्थेने सभासदांना डीपीवर चढायचं नाही हाच नियम करावा आणि महावितरणकडे वेगळी मागणी लावावी : अपुऱ्या लाईनमनची जागा भरा, उघड्या फ्यूज पेट्यांना झाकण बसवा.

मीटरच्या पुढचं कामसुद्धा परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावं असा नियम आहे. वायरमनचा परवाना मिळवणं म्हणूनच संस्थेच्या पहिल्या वर्षाचं काम असावं. आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री हा ट्रेड झालेल्यांना ते सोपं जातं. परवानाधारक सभासदांची यादी हाच संस्थेचा सगळ्यात मोठा भांडवली कागद.

प्रशिक्षणात काय असावं हे संस्थेलाच चांगलं कळतं. मोटार काढताना स्टार्टर बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवावेत. शेजारच्या घरचं इन्व्हर्टर किंवा जनरेटर मागून करंट देतं, त्यामुळे लाईट गेली म्हणजे तार मेली असं नाही. सौर प्लेट उन्हात असेपर्यंत जिवंतच असते, तिला बटन नाही. हे दोन दिवसांच्या वर्गात हाताने करून दाखवलं तर माणसं वाचतात.

अशा वर्गासाठी पैसाच मागायला हवा असंही नाही. दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ हे केंद्र सरकारचं मंडळ 1958 पासून आहे, मुख्यालय नागपूरला. असंघटित आणि ग्रामीण कामगारांसाठी ते शिबिरं घेतं. संस्थेने पत्र देऊन शिबिर मागावं.

सीएसआर लगेच नाही

मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामाला द्यावी लागते. हा सरकारी पैसा नाही, पण कायद्याने बांधलेला आहे. तो घ्यायला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म लागतो, आयकराच्या दोन्ही नोंदण्या लागतात आणि संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे नव्या संस्थेला पहिल्याच वर्षी "कंपनीकडून पाच लाख आणून देतो, आधी दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस सरळ फसवतोय असं समजावं.

संस्था उभी राहीपर्यंत सभासदाला काय?

घराची वायरिंग करणारा माणूस बांधकाम कामगारात मोडतो. मागच्या वर्षात 90 दिवस काम आणि वय 18 ते 60 असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. हे मंडळ बांधकामावरच्या 1 टक्का उपकरातून चालतं. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख अशी तरतूद आहे. अडतं ते 90 दिवसांच्या दाखल्यावर. खोट्या दाखल्यांच्या तक्रारींमुळे ग्रामसेवक सही करायला कचरतात, आणि त्यात खरा कामगार मागे राहतो. संस्थेने प्रत्येक सभासदाची कामाची वही ठेवली, तारीख, घरमालक, काम, सही, तर दाखला मागायला तोंड राहतं.

ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, आणि घरातला खातेदार नसलेला एक माणूस, यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू होते. वय 10 ते 75. विजेच्या शॉकने मृत्यू झाला तरी 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. शिवाय बँकेतला वर्षाचा 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, त्याचे 2 लाख वेगळे. 1 जूनच्या आधी खात्यात वीस रुपये नसले की तो बंद पडतो. संस्थेने मे महिन्यात सगळ्या सभासदांची पासबुकं तपासली तरी एखादं घर वाचेल.

अपघात झालाच तर पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी हे तीन कागद जमवावेत. वीज कायदा 2003 च्या कलम 161 मध्ये ही चौकशी आहे. तार, स्टार्टर, खांब आहे त्या स्थितीत राहू द्यावा. नातेवाईक दुःखात असतात, हे काम संस्थेच्या माणसाने उभं राहून करायचं असतं.

अर्ज कुठेही द्या, दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का व आवक नंबर घ्यावा. दीड-दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर त्याच नंबरवर माहितीचा अधिकार टाकता येतो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.