उपचारात टिकणे : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

गर्द (अशुद्ध हेरॉइन), अफू किंवा तत्सम पदार्थांच्या व्यसनावर पर्यायी औषध घेणारा रुग्ण उपचारात किती काळ राहतो, हा प्रश्न वरवर पाहता हजेरीपटाचा वाटतो. प्रत्यक्षात तो जगण्यामरण्याचा आहे. अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मेथाडोन हे पर्यायी औषध चालू असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११.३ मृत्यू होतात आणि उपचार सुटल्यावर ३६.१, असे त्यात दिसले. सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे तर फारच घातक असतात. शरीराची सहनक्षमता उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेकडे वळतो.

मराठी वाचकाला हा विषय ओळखीचा झाला तो ऐंशीच्या दशकातील गर्दच्या लाटेमुळे, लेखक अनिल अवचटांच्या लेखनामुळे आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे. या ओळखीत मुक्ती म्हणजे सगळेच सोडणे; त्यामुळे ‘एक सोडवून दुसरे लावायचे, ही कसली मुक्ती?’ ही शंका आपल्याकडे पटकन येते. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६५ साली अवघ्या २२ रुग्णांवरचा मेथाडोन-उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हाही ती आली होती. तिला चोख उत्तर मिळाले ते २००३ सालच्या स्वीडनमधील एका चाचणीत. चाळीस रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे पर्यायी औषध दिले. उरलेल्यांचे औषध सहा दिवसांत उतरवून त्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. वर्षअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात होते, दुसऱ्यातला एकही नव्हता आणि त्या विसांपैकी चौघे दगावले होते. इच्छाशक्ती काही एकाच गटाच्या वाट्याला आली नव्हती. या क्षेत्रात शिरताना एवढे ध्यानात ठेवले की पुढची वाट सोपी होते.

रुग्णाकडची कारणे अभ्यासांत वारंवार दिसतात. तरुण रुग्ण लवकर गळतात, वयस्क अधिक टिकतात. सोबतची दारू, डोक्यावर छप्पर नसणे, तुरुंगवारी यांचाही परिणाम होतो. पण वय काही दवाखान्याला बदलता येत नाही. मात्रा बदलता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेथाडोनची नेहमीची मात्रा दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी दिली की दुसरा दिवस उजाडण्याआधीच टर्की, म्हणजे औषध उतरल्याचा त्रास, लागते आणि रुग्ण औषधाला नव्हे, स्वतःलाच दोष देत निघून जातो. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन सुरू झाले की रक्तातले मेथाडोन झपाट्याने घटते. काल पुरणारा डोस आज पुरत नाही. आपल्यासारख्या क्षयाच्या देशात हा दुवा निसटला, तर औषधांचा संघर्ष नोंदवहीत ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ असा लिहिला जातो.

मात्रेइतकेच महत्त्व वेळेला आणि अंतराला आहे. भारतात स्वयंसेवी संस्थांनी नव्वदच्या दशकात चालवलेले पर्यायी औषध देण्याचे काम पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात आले. रोज केंद्रावर यायचे आणि कर्मचाऱ्यासमोर गोळी जिभेखाली विरघळवायची, अशी त्याची घडी बसली. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहणाऱ्याला दहा वाजता उघडणारे केंद्र म्हणजे बुडालेली रोजंदारी. याउलट हाँगकाँगने १९७२ पासून नाममात्र शुल्कात मेथाडोन दवाखाने चालवले. त्यांतील अनेक रात्रीपर्यंत उघडे असतात. औषध घरी न्यायला दिले तर ते बाजारात जाईल, ही धास्ती खोटी नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र नियम सैल करून अनेक दिवसांचे औषध घरी द्यावे लागले. त्यातून काय साधले आणि काय बिघडले, हे तपासणे नव्या अभ्यासकांसाठी मोठे काम आहे.

मोजमापाचा पेच याहून बिकट आहे. कापणीसाठी गावी जाऊन महिन्याने परतणारा गळाला की टिकला? तुरुंगात गेलेला, दुसऱ्या केंद्रात बदली घेतलेला, ठरवून हळूहळू औषध उतरवलेला, हे सारे एकाच रकान्यात मावतात का? शिवाय टिकणे हे साधन आहे. वर्षभर रांगेत उभा राहूनही ज्याला ना काम मिळाले ना घराचा दरवाजा उघडला, त्याची नोंद निव्वळ यश म्हणून करणे प्रामाणिकपणाचे नाही.

म्हणून या क्षेत्राला डॉक्टरांइतकीच समाजशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका आणि स्वतः उपचार घेतलेल्या माणसांची गरज आहे. या सर्वांचे इथे स्वागत. कोणताही शोधनिबंध हाती आला की तीन गोष्टी आधी शोधाव्यात: मात्रा किती होती, औषधासाठी किती वेळा यावे लागत होते, आणि गळती कशाला म्हटले होते. ही उत्तरे नसतील, तर टिकण्याची टक्केवारी कितीही नेटकी दिसली तरी तिच्यावरून रुग्णाच्या निर्धाराबद्दल काहीही ठरवू नये.